भरलेली बाटली

शाळा सुटताना मुलींच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघायची सवय मला २०१८ साली लागली. ती अजून सुटलेली नाही.

त्या वर्षीच्या ऑनलाइन बदल्यांत मी बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका गावात आले. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ८४. जुलैतल्या एका संध्याकाळी शाळा सुटली आणि सहावीतल्या एका मुलीचं दप्तर दाराच्या चौकटीला अडकून उलटं झालं. बाटलीचं बूच निघालं आणि भळाभळा पाणी वाहिलं. सकाळी घरून काठोकाठ भरून आणलेली बाटली तशीच्या तशी घरी चालली होती. मी म्हटलं, "अगं, दिवसभरात पाणी प्यायलीच नाहीस का?" ओढणीनं दप्तर पुसत, मान वर न करता ती म्हणाली, "मॅडम, पाणी पेलं की जावं लागतंय."

दुसऱ्या दिवसापासून मी नीट बघायला लागले. मुलांच्या बाटल्या दुपारच्या खिचडीपर्यंत रिकाम्या व्हायच्या, मग ती हापशावर पळत जाऊन पुन्हा भरून आणायची. पाचवी ते सातवीच्या मुली खिचडीनंतर दोन घोट घ्यायच्या, तेही घास उतरावा म्हणून. शाळा दहा ते पाच. वस्तीवरून पायी येणाऱ्या मुलींचे जाण्यायेण्याचे दोन तास धरले तर नऊ तास. दोघी-तिघी सारख्या पोटात दुखतंय म्हणून भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. मार्चच्या उन्हात तर हमखास. त्यांच्या आया सांगायच्या, "उन्हाळी लागलीय, धन्या-जिऱ्याचं पाणी देतेय." उन्हाळी, म्हणजे लघवीची जळजळ, कशानं लागते ते मला दिसत होतं, आणि धने-जिरे त्याला पुरे पडणार नव्हते.

शाळेला शौचालय नव्हतं असं नाही. शाळेच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांची पक्की इमारत होती. एका दारावर 'मुले', एकावर 'मुली', भिंतीवर हात धुणाऱ्या मुलीचं चित्र आणि खाली घोषवाक्य. दोन्ही दारांना कुलपं. किल्ल्या कार्यालयात खिळ्याला टांगलेल्या, शिक्षकांनी लागेल तेव्हा घ्यायच्या. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं, "पोरं घाण करतात." आधीच्या गुरुजींनी मला हे सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं असणार. त्या कुलपाचा मला तीन महिने राग आला नाही, कारण किल्ली माझ्या हाताशी होती.

मुलं शाळेमागच्या भिंतीला जायची. पहिली-दुसरीतली लेकरं वर्गात करंगळी दाखवायची, मी मानेनंच 'जा' म्हणायची, आणि ती पळत वेड्या बाभळींत जाऊन यायची. मोठ्या मुली करंगळी दाखवतच नव्हत्या. अगदीच अडलं तर चौघी-पाच जणी मिळून लांब ओढ्याकडे जायच्या, एक बसणार, बाकीच्या ओढण्या धरून पाठमोऱ्या उभ्या राहणार. एकटीनं कुणी जायचं नाही, हा त्यांचा नियम. शाळेच्या नियमांच्या फळ्यावर तो लिहिलेला नव्हता.

तेव्हा सप्टेंबरअखेरीच्या स्थितीवर यू-डायसची, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भरायचे. फॉर्म माझ्याकडे आला. मुलींसाठी स्वतंत्र शौचालय आहे का? होय. वापरात आहे का? मी क्षणभर थांबले आणि 'होय' लिहिलं. वापरात होतंच ना, मी वापरत होते. पुढे हात धुण्याची सोय, तिथेही 'होय', कारण हापसा होता. त्या दोन 'होय'बद्दल मला आजही वाईट वाटतं. मी एक ओळ खरी लिहिली असती तर सरकार हललं असतं असं नाही. पण त्या सहावीतल्या मुलीचं म्हणणं मी स्वतःच्या हातानं खोडून टाकलं होतं.

असे 'होय' देशभर किती लिहिले गेले असतील! शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या अनुसूचीतच मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी ही अट आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की जिथे शौचालय नसतं तिथे पालक मुलांना, विशेषतः मुलींना, शाळेत धाडत नाहीत. आणि २०१२ साली पाणी आणि स्वच्छतागृहांसाठी राज्यांना सहा महिन्यांची मुदत घालून दिली. १५ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं शौचालय असेल असं सांगितलं, आणि वर्षभरात चार लाखांहून जास्त शौचालयं उभी राहिल्याचं जाहीर झालं. मग २०२० साली कॅगचा अहवाल आला. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी १५ राज्यांतल्या शाळांत बांधलेल्या शौचालयांची पाहणी त्यात आहे. पाहिलेल्यांपैकी ७२ टक्के ठिकाणी आत पाणीच नव्हतं आणि ५५ टक्के ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती. तो अहवाल वाचताना मला आकडे वाटलेच नाहीत, आमच्या शाळेमागची ती दोन दारं दिसत राहिली. भिंती उभ्या राहिल्या की काम झालं असं आपण धरून चालतो.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मुलींच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि पहिलीतल्या पोरीचं डोकं जिथवर येईल तितकी खाली बसले. रोज मी तीच खोली वापरत होते, पण इतक्या खालून ती कधी पाहिली नव्हती. कडी पार वर, माझ्या खांद्याशी. सहा वर्षांच्या लेकराचा हात तिथे पोचणं शक्य नाही, म्हणजे त्यानं दार उघडं टाकायचं किंवा बाहेर कुणीतरी धरून ठेवायचं. खिडकी नाही, छताजवळ एक सिमेंटची जाळी, तीही कोळिष्टकांनी भरलेली. दार लावलं की आत काळोख. भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं, पावलं ठेवायच्या जागा इतक्या लांब की लहान मुलाचे पाय फाकून घसरणार. मधलं ते काळं भोक त्याला केवढं दिसत असेल! भांड्यातून साप वर येतो असं पहिलीतली मुलं एकमेकांना का सांगतात ते मला तेव्हा कळलं. दाराला खालून चार बोटं फट, म्हणजे बाहेरून आतले पाय दिसणार. नळ आत नाही. बाहेर एक तोटी होती, तीही कोरडी, म्हणजे बादली हापशावरून आणायची. ओढणी, दप्तर अडकवायला साधा खिळासुद्धा नाही. फरशीचा उतार दाराकडे, म्हणून पाणी ओतलं की बाहेर पायरीवर येणार आणि चिखल होणार.

मी वहीत एकेक लिहून घेतलं. त्या यादीत महागाचं असं काही नव्हतं. कडी दीड हात खाली, एक खिळा, दाराखाली पत्र्याची पट्टी, छतात एक पारदर्शक पत्रा. बांधताना कुणीतरी मुलाला आत नेऊन "बस बरं" म्हटलं असतं तर ही यादी तेव्हाच झाली असती.

दसऱ्यानंतर मी कुलपं काढली, आणि सपशेल हरले. ते साल दुष्काळाचं होतं. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. हापसा तासभर हापसल्यावर एक घागर द्यायचा. आठ दिवसांत त्या खोल्यांची अशी अवस्था झाली की मुलं म्हणाली, मॅडम बाभळीत बरं. शिक्षकांच्या बैठकीत पुन्हा कुलूप लावायचं ठरलं आणि मी मान हलवली. पोरं घाण करतात हे वाक्य त्या दिवशी माझ्याही तोंडून निघालं. पोरांनी पाणी कुठून ओतायचं होतं?

हिशेब मी नंतर शिकले, तो एका म्हाताऱ्या गवंड्याकडून. खेड्यातल्या संडासाला जास्त उताराचं भांडं बसवावं लागतं. २५ ते २८ अंशांचा उतार असला आणि खालच्या कोंबड्यात, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत, पाण्याची जेमतेम २० मिलिमीटरची पातळी असली, की दीड-दोन लिटर पाण्यात सगळं वाहून जातं. शहरातल्यासारखं पसरट भांडं बसवलं तर बादलीभर ओतलं तरी तळाशी राहतं. आमच्या शाळेत पसरटच बसवलेलं होतं, पांढरंशुभ्र, चकचकीत. जिथे प्यायला पाणी नाही तिथे बादलीभर पाणी मागणारं भांडं. मुलं घाणेरडी नव्हती, ते भांडं त्यांच्यासाठी नव्हतं.

मग आलं २०२०. एप्रिलच्या मध्यावर ऊसतोड कामगारांना पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवरून घरी आणायची परवानगी मिळाली. आमच्या गावातलं निम्म्याहून जास्त बिऱ्हाड दिवाळीनंतर कोयते घेऊन जातं. ती सगळी माणसं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून भांडीकुंडी, शेरडं, लेकरांसकट परत आली आणि त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं. माझी नेमणूक नोंदवहीवर होती. त्या वेळी जे झालं ते मी विसरणार नाही. चार दिवसांत, मोजून चार, शाळेच्या छपरावर हजार लिटरची काळी टाकी चढली, गावच्या बोअरवरून पाइप आला, आतमध्ये नळ आला, मोडलेलं दार बदललं, दिवा लागला. मुलींसाठी जे इतक्या वर्षांत होत नव्हतं ते मोठ्या माणसांसाठी चार दिवसांत झालं. मी कुणाला दोष देत नाही. ते दिवसच भीतीचे होते. पण करायचं म्हटलं की होतं, हे मी तेव्हा पाहून ठेवलं.

त्याच चौदा दिवसांत संध्याकाळी अंतर राखून बायका पटांगणात बसायच्या. मी त्यांना बाटलीची गोष्ट सांगितली. त्या मुलीची आईच तिथे होती. ती हसली नाही, चिडली नाही. म्हणाली, "मॅडम, फडावर आम्हीबी तसंच करताव. कोपीला ना न्हाणी ना काही. अंधार पडंस्तोवर दम धरायचा. दुखलं म्हणून बसावं तर खाडा पडतो." कोपी म्हणजे तोडणी कामगारांची झोपडी. खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी तर गेलीच, वर मुकादमाचा दंड. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती, हे वाचकांच्या लक्षात असेल. तुंबवून ठेवणं, एकच कपडा दिवसभर, मग दुखणं, मग डॉक्टर म्हणेल ते. लेकीला पाणी कमी पी असं कुणी शिकवलेलं नव्हतं. ती आईकडे बघून शिकली होती.

टाकी राहिली, पाइप राहिला. शाळा पुन्हा भरायला २०२१ उजाडलं, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत आम्ही काम काढलं. संयुक्त शाळा अनुदानात आमच्याएवढ्या पटाला वर्षाला २५ हजार मिळतात. त्यात खडू-रजिस्टरापासून वीजबिलापर्यंत सगळं. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर करायचा, म्हणजे अडीच हजार, म्हणजे महिन्याला २०८ रुपये. बाकीची लोकवर्गणी. कारखान्यावरून आलेल्या लोकांनीच सर्वांत आधी दिली, शंभर-दोनशे करत. ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या, पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेल्या निधीतून भांडी आणि पाइप दिले. गवंडी बाबांनी मजुरी अर्धी घेतली आणि एक अट घातली: सेप्टिक टाकी नाही बांधायची, दोन खड्डे बांधायचे.

ह्या दोन खड्ड्यांवर मला सविस्तर लिहायचंय, कारण खरी अडचण तिथेच होती, आणि ती विटा-सिमेंटची नव्हती.

शौचालय सुरू करायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, धुणार कोण? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. झाडणं, घंटा, कुलूप, सगळं मास्तर आणि मुलं. पालकांच्या बैठकीत एक वयस्कर गृहस्थ अगदी सहज म्हणाले, "त्या वस्तीवरून बोलवा कुणाला तरी, त्यांचंच काम हाये ते." कुणी हूं की चूं केलं नाही. त्या वस्तीवरची एक पोर तेव्हा माझ्या तिसरीत होती, वाचनात वर्गात पहिली. ती खिडकीत बसून ऐकत होती की नाही मला माहीत नाही. मी म्हटलं, शाळेत हे चालणार नाही, शनिवारी मी धुणार. माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली आला, पण बैठकीत मला कायदा आठवला नाही, ती पोर आठवली.

आणि मी धुतलं. पहिल्या शनिवारी मला मळमळलं, खोटं कशाला सांगू. खराटा, फिनेल, दोन बादल्या. कीर्तनाआधी गावचे रस्ते झाडणारे गाडगेबाबा आपल्याला भिंतीवर चालतात, त्यांच्या नावाच्या अभियानाचे फलक गावोगाव आहेत. हातात खराटा घेतल्यावर मात्र कळतं की त्यांनी काय अंगावर घेतलं होतं. अप्पासाहेब पटवर्धनांनी तर १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपास केला होता. तिसऱ्या शनिवारी सहावीचे गुरुजी न बोलता दुसरा खराटा घेऊन आले. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांच्या त्या न बोलण्याचं मोल मला शब्दांत मांडता येत नाही.

मुलांनी धुवावं का, यावर गावात वाद झाला. माझं मत तेव्हा जे होतं तेच आज आहे. आपण वापरलं की आपण पाणी ओतायचं, हे पहिलीतल्यानंही शिकावं. भांडं घासणं मुलांचं काम नाही, आणि पाळी लावून करायचंच झालं तर त्या पाळीत मास्तरही हवा. बळजबरीनं किंवा शिक्षा म्हणून कुणाला त्या खोलीत पाठवलं, तर ती खोली त्या मुलासाठी कायमची शिक्षेची होते.

आता खड्ड्यांबद्दल. सेप्टिक टाकी भरली की उपसावी लागते. तालुक्याहून गाडी आणायची तर पैसे हवेत, आणि गाडी आली नाही की पुन्हा 'त्या वस्तीवरून कुणाला तरी'. दोन खड्ड्यांचं तसं नाही. जाळीदार वीटकाम केलेले दोन गोल खड्डे, मधे एक चेंबर. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, पाणी मुरमात मुरतं. भरला की चेंबरमधली वाट दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला झाकून दीड-दोन वर्षं विसरून जायचं. आत मातीच होते. देहूला डॉ. सुहास मापुसकर १९६० च्या सुमारास सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेले तेव्हा गावात संडास जवळजवळ नव्हतेच. सुरुवातीचे त्यांचे प्रयत्न फसले, तरी त्यांनी उभं आयुष्य या कामाला दिलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावात कुणी संडासासाठी आयुष्य वेचतो, आणि आपल्याला पाठ्यपुस्तकात त्याचं नाव सापडत नाही, याची मला खंत आहे.

आमचा पहिला खड्डा २०२३ च्या सुरुवातीला बंद केला आणि जानेवारी २०२५ मध्ये उघडला. गावात बातमी पसरली होती. सरपंचताई आल्या, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आले, नाकाला रुमाल लावून बरीच माणसं लांब उभी. गवंडी बाबांनी झाकण सरकवलं. खाली काळसर भुरभुरीत काहीतरी, वर एक गांडूळ. पहिलं फावडं मी घातलं, कारण दुसऱ्या कुणाला घालायला सांगणं बरोबर नव्हतं. माती हातमोजा घालून ओंजळीत घेतली. वास नव्हता. म्हणजे होता, पहिल्या पावसानंतर बांधावर येतो तसा. मी ओंजळ पुढे केली. सरपंचताईंनी रुमाल काढला, वास घेतला आणि मागे वळून म्हणाल्या, "अहो, माती हाये ही निस्ती." मग एकेक करत लोक पुढे आले. ते वयस्कर गृहस्थही होते. त्यांनी चिमूट उचलली, बोटांत चोळली आणि काहीच न बोलता खाली टाकली. ती माती आम्ही शाळेच्या शेवग्याला आणि लिंबाच्या झाडाला घातली. भाजीच्या वाफ्यात मात्र मी घालू दिली नाही.

धुण्यासाठी आता एक मावशी आहेत. ग्रामसभेत उघड सांगून ठेवलं होतं, गावातलं कुणीही या, महिन्याला तीन हजार, ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून. दोन महिने कुणी आलं नाही. मग मावशी आल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, नवरा गेलेला, दोन लेकरं आमच्याच शाळेत. काम लागल्यावर शेजारच्या दोन घरांनी त्यांच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. त्यांनी ते मला सहा महिन्यांनी सांगितलं, भाकरी थापत, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. त्या घरांतली मुलं रोज त्या खोल्या वापरतात. मला त्याचा राग आहे, आणि तो कमी झालेला नाही.

हात धुण्याचं जमवणं त्या मानानं सोपं गेलं. पाइपाला दहा तोट्या, निम्म्या खाली, निम्म्या वर, सांडपाणी परसबागेतल्या केळीला. साबण मात्र रोज गायब व्हायचा. आम्ही मुलांवर संशय घेतला, आणि एका दुपारी चोर सापडला: कावळा, चोचीत अख्खी वडी घेऊन पत्र्यावर. आता साबण जाळीच्या पिशवीत टांगलेला असतो. जंतनाशकाची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मिळते, मुलं ती चघळून खातात. पण गोळीनं जंत पडले तरी अनवाणी पायांतून आणि न धुतलेल्या हातांतून ते पुन्हा होतात, हे सातवीची मुलंच आता पहिलीला सांगतात.

सातवीच्या मुलींचं हजेरीपत्रक मी जुनं काढून बघितलं होतं. दर महिन्याला तीन-चार दिवसांची गैरहजेरी, एकीची पहिल्या आठवड्यात, दुसरीची तिसऱ्या. कारणाच्या रकान्यात 'ताप', 'गावाला', 'घरी काम'. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळणार होते. पण पॅड बदलायचा कुठे आणि टाकायचा कुठे, हे कुठल्या योजनेनं सांगायचं? आम्ही मुलींच्या खोलीत एक फळी ठोकली, झाकणाचा डबा ठेवला, भिंतीपलीकडे विटांची छोटी भट्टी बांधली आणि आतून तिच्यात टाकायला तिरका पाइप बसवला. कुणाला हातात काही घेऊन पटांगणातून जावं लागत नाही. आणि एक आरसा लावला. आरसा कशाला, असं एका पालकांनी विचारलं. बाहेर येण्याआधी मागे डाग दिसतोय का ते बघायला, असं मी सरळ सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात आरशाखाली एक खुंटी ठोकून गेले.

गेल्या वर्षी मी तोच रकाना पुन्हा काढून पाहिला. दोघींच्या दोन गैरहजेऱ्या अजून त्याच ठरावीक दिवसांच्या आहेत. त्यांच्या घरी जाऊन आले, आज्या जाऊ देत नाहीत. ते काम राहिलंय.

सुट्टीत मी तालुक्याच्या गावी असते, पण मे महिन्यात दर आठ-दहा दिवसांनी शाळेवर चक्कर असते. वापर थांबला की कोंबड्यातलं पाणी उन्हानं आटतं, आणि पाणी आटलं की खड्ड्यातला वास आणि माश्या थेट वर येतात. तांब्याभर पाणी प्रत्येक भांड्यात ओतलं तरी पुरतं. परवा गेले तेव्हा पटांगणात तीन पोरं गोट्या खेळत होती, एक पोरगी हापशाच्या ओट्यावर बसलेली. मला बघून ती उठली, टाकीचा नळ सोडून तांब्या भरून घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, मुलींकडचं मी वतू का?" ती आत गेली. मी बाहेर उभी राहून वहीत लिहीत होते: मुलांच्या दुसऱ्या दाराची बिजागरी सुटलीय, सुताराला सांगणे. टाकीच्या झाकणाला दगड ठेवणे, वानरं काढतात. गांधीलमाशीचं पोळं, जाळीपाशी. साबण पंधरा वड्या. मावशींचे मार्च आणि एप्रिलचे पैसे, सोमवारी ग्रामसेवकांकडे स्वतः जाणे.